अमेरिकी दूरचित्रवाणी-विनोदातील आद्य स्त्रिया

अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचत होती तेव्हा, म्हणजे साधारण १९४७ ते १९८० या काळात, विनोदी कार्यक्रम लिहिणाऱ्या, त्यांत काम करणाऱ्या आणि काही वेळा त्यांची मालकीही हाती ठेवणाऱ्या स्त्रियांचा परिचय या नोंदीत दिला आहे. गर्ट्रूड बर्ग, ग्रेसी ॲलन, इमोजीन कोका, ल्यूसिल बॉल, बेटी व्हाइट, कॅरल बर्नेट, मेरी टायलर मूर, डायॲन कॅरल आणि बीॲट्रिस आर्थर ही त्यांतली ठळक नावे. त्यांची ओळख बहुधा गाजलेल्या भूमिकांवरून करून दिली जाते. मात्र संहिता कोण लिहीत होते, फिल्म कोणाच्या मालकीची होती आणि करारात कोणते कलम होते, हे पाहिल्यावर त्यांच्या कामाचा खरा आवाका कळतो.

रेडिओचा वारसा

यांतल्या अनेकजणी रेडिओवरून आल्या. गर्ट्रूड बर्ग (१८९९–१९६६) यांची न्यूयॉर्कमधल्या ज्यू कुटुंबाची मालिका नोव्हेंबर १९२९ मध्ये एनबीसी रेडिओवर सुरू झाली आणि जानेवारी १९४९ मध्ये ‘द गोल्डबर्ग्ज’ म्हणून सीबीएसच्या पडद्यावर आली. लेखन त्यांचे, मॉली गोल्डबर्ग ही मुख्य भूमिका त्यांची आणि निर्मितीची सूत्रेही त्यांच्याच हाती. मॉली खिडकीत टेकून शेजारणीशी बोलावे तशी प्रेक्षकांशी बोलायची आणि बोलता बोलता प्रायोजकाच्या कॉफीची जाहिरातही करून टाकायची. जाहिरात व्यक्तिरेखेच्या तोंडी इतकी सहज बसवणे सोपे नव्हते. १९५१ मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे एमी, म्हणजे अमेरिकी दूरचित्रवाणीचे मानाचे पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास त्यांचे सहकलाकार फिलिप लोब यांचे नाव कम्युनिस्ट असल्याच्या संशयितांच्या यादीत आले. लोब यांना काढून टाकण्यास बर्ग यांनी आधी नकार दिला आणि त्यापायी प्रायोजक गमावला. पुढे लोब यांच्याविनाच मालिका दुसऱ्या वाहिनीवर गेली.

पेग लिंच (१९१६–२०१५) यांनी ‘एथेल अँड अल्बर्ट’ ही नवरा-बायकोच्या बारीकसारीक कुरबुरींची मालिका आधी रेडिओसाठी आणि मग टीव्हीसाठी एकटीने लिहिली. एथेलची भूमिकाही त्याच करत. हरवलेली किल्ली किंवा न आलेले पाहुणे एवढ्याशा कारणावर अख्खा भाग उभा करणे ही त्यांची खासियत. दुर्दैवाने त्यांचे नाव आज फारसे कोणाला आठवत नाही.

थेट प्रक्षेपणाचा काळ

१९५० च्या आगेमागे बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट दाखवले जात. नोंद ठेवायची तर एकच मार्ग होता, तो म्हणजे पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून चालू चित्र टिपणे. या ‘किनेस्कोप’ प्रती धूसर निघत. अनेक जपल्याच गेल्या नाहीत. नोव्हेंबर १९४७ मध्ये ड्युमाँट वाहिनीवर सुरू झालेली ‘मेरी के अँड जॉनी’ ही अमेरिकेतली पहिली प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका मानली जाते. नायिका मेरी के स्टर्न्स यांचे गरोदरपण १९४८ मध्येच तिच्या कथानकात आले होते. ही मालिका जवळजवळ संपूर्ण नष्ट झाल्याने ते श्रेय नंतरच्यांच्या नावावर जमा झाले.

इमोजीन कोका (१९०८–२००१) यांचे ‘युअर शो ऑफ शोज’ (१९५०–५४) दर शनिवारी दीड तास थेट चाले. मूकाभिनय, नृत्याची खिल्ली, नवरा-बायकोचे भांडण असे सगळे एकाच रात्री, पुन्हा टेक घेण्याची सोय नाही. पुरुषांनी भरलेल्या तिथल्या लेखनकक्षात लुसिल कॅलन सुरुवातीपासून होत्या.

ग्रेसी ॲलन यांचा कार्यक्रम (१९५०–५८) पहिली दोन वर्षे थेट आणि पुढे फिल्मवर झाला. त्यांच्या विनोदाची रीत काटेकोर होती. ग्रेसीचे उत्तर जगाच्या दृष्टीने चुकीचे, पण तिच्या स्वतःच्या तर्कात चोख बसणारे असे. नटीने ‘आपण विनोदी बोलतोय’ असे चेहऱ्यावर जरा जरी दिसू दिले की हा डोलारा कोसळतो. ॲलन यांनी ते कधी दिसू दिले नाही. पाठांतराचा जाच वेगळाच. साध्या संवादात समोरच्याच्या वाक्यावरून आपले वाक्य आठवते, इथे मागच्या-पुढच्याचा संबंधच नसल्याने तो आधार मिळत नसे.

ल्यूसिल बॉल आणि तीन कॅमेरे

ल्यूसिल बॉल (१९११–८९) यांची ‘आय लव्ह लूसी’ १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सीबीएसवर सुरू झाली आणि १९५७ पर्यंत चालली. प्रायोजक असलेल्या सिगारेट कंपनीला कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट हवा होता. हॉलीवूडहून केला तर पूर्वेकडच्या दाट वस्तीला धूसर किनेस्कोप पाहावा लागला असता. बॉल आणि त्यांचे पती देसी आर्नाझ हॉलीवूड सोडायला तयार नव्हते. तोडगा निघाला तो असा, की प्रेक्षकांसमोर नाटकासारखा प्रयोग करायचा आणि तो ३५ मिमी फिल्मवर एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी टिपायचा. प्रेक्षक समोर असल्यामुळे हशा खरा मिळे आणि नटांना त्यावर थांबता येई.

अडचण प्रकाशाची होती. चित्रपटात प्रत्येक कोनासाठी दिवे हलवतात, इथे तिन्ही कोन एकदमच टिपायचे होते. छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी बहुतेक दिवे वर टांगून सगळीकडे सारखा उजेड पाडला आणि कृष्णधवल पडद्यावर छटा नेमक्या उतराव्यात म्हणून नेपथ्य करड्या रंगांत रंगवून घेतले. मधला कॅमेरा पूर्ण दृश्य घेई, बाजूचे दोन जवळून चेहरे. संकलनासाठी तिन्ही फिल्म आणि ध्वनी एकत्र चालवणारे यंत्र होते. त्याला संकलक ‘तीन डोक्यांचा राक्षस’ म्हणत.

विनोदाची घडण बघण्यासारखी आहे. मॅडलिन प्यू (१९२१–२०११) आणि बॉब कॅरल ही लेखकजोडी आणि निर्माते-लेखक जेस ऑपनहायमर आधी शेवटचा गोंधळ ठरवत, मग तिथवर नेणारी पटण्यासारखी कारणे मागे रचत जात. लूसीला काहीतरी हवे असते, ते सरळ मिळत नाही, ती एक छोटी थाप मारते, थाप निभवायला दुसरी लागते. पायरी गाळली की प्रेक्षक हसण्याऐवजी ‘असं कोण वागतं?’ म्हणून मागे हटतो. अंगविक्षेपांचे सविस्तर वर्णन संहितेत मोठ्या अक्षरांत टंकलेले असे, त्याला मंडळी ‘काळा मजकूर’ म्हणत. करामत बाईमाणसाला जमेल का, हे प्यू आधी स्वतः करून बघत.

बॉल तालमीला खऱ्या वस्तू मागत. वस्तूचे वजन, चिकटपणा, वेग हातात बसल्याशिवाय टायमिंग जमत नाही, हे त्याचे कारण. मिठाईच्या कारखान्यातल्या प्रसंगात (सप्टेंबर १९५२) पट्टा आधी सावकाश चालतो, दोघी मैत्रिणींना काम जमते, मुकादमीण खूश होऊन वेग वाढवायला सांगते आणि मग चॉकलेटे तोंडात, टोपीत, पोशाखात कोंबली जातात. पट्टा सुरुवातीपासूनच पळवला असता तर तो नुसता धिंगाणा झाला असता. टॉनिकच्या जाहिरातीच्या प्रसंगातही (मे १९५२) हेच सूत्र आहे. तेच भाषण अनेकदा येते, दर वेळी टॉनिकमधले मद्य थोडे अधिक चढलेले आणि शब्द थोडे अधिक लडबडलेले. मूळ भाषण प्रेक्षकाच्या कानात पक्के बसले असेल तरच पुढची गंमत कळते, म्हणून पहिली खेप स्वच्छ म्हणावी लागते.

अपघातही होत. फेब्रुवारी १९५५ च्या एका भागात लूसीचे नकली नाक सिगारेट पेटवताना पेट घेते. पुटीच्या (मऊ लांबीच्या) नाकात त्यासाठी वात घातली होती. नाक कॉफीच्या कपात बुडवून विझवणे हे बॉल यांना ऐन प्रयोगात सुचले, असे सांगतात.

बॉल यांच्या खऱ्या गरोदरपणाभोवती १९५२–५३ चे कथानक रचले गेले. ‘गरोदर’ हा शब्द वाहिनीला चालत नव्हता आणि संहिता एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रोटेस्टंट पाद्री आणि एक रब्बी यांना दाखवल्या जात. १९ जानेवारी १९५३ चा जन्माचा भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. त्याच दिवशी बॉल यांना मुलगा झाला. शेजारीण एथेल साकारणाऱ्या व्हिव्हियन व्हॅन्स यांना १९५४ मध्ये साहाय्यक अभिनेत्रीचे एमी मिळाले. बॉल यांच्या धांदलीला टेकू देणारा तो संयत अभिनय नसता तर निम्मे प्रसंग पडले असते.

मालकी

फिल्मचा खर्च थेट प्रक्षेपणापेक्षा जास्त होता. तो भरून काढण्यासाठी बॉल-आर्नाझ यांनी आठवड्याच्या मानधनात १,००० डॉलरची कपात मान्य केली आणि बदल्यात भागांची मालकी घेतली. पुनःप्रक्षेपणाला बाजारभाव असतो हे तेव्हा कोणाच्या फारसे ध्यानात आले नव्हते. भाग फिल्मवर स्वच्छ टिकल्याने ते पुन्हा पुन्हा विकता येत होते. त्यांच्या देसिलू कंपनीने १९५७ मध्ये आरकेओ स्टुडिओ विकत घेतला. बॉल कधीकाळी तिथे पगारी नटी होत्या. १९६२ मध्ये आर्नाझ यांचा हिस्सा विकत घेऊन त्या देसिलूच्या अध्यक्ष झाल्या. मोठा टीव्ही स्टुडिओ चालवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन: इम्पॉसिबल’ (दोन्ही १९६६) त्यांच्याच कारकिर्दीत पडद्यावर आल्या. १९६७ मध्ये कंपनी १ कोटी ७० लाख डॉलरला विकली गेली.

बेटी व्हाइट (१९२२–२०२१) यांनी १९५२ मध्ये दोन भागीदारांसह निर्मितीसंस्था काढून ‘लाइफ विथ एलिझाबेथ’ केली. त्याआधी लॉस एंजेलिसच्या एका केंद्रावर त्या आठवड्यातले सहा दिवस रोज साडेपाच तास थेट कार्यक्रम करत होत्या. हजरजबाबीपणा कमावला तो तिथे. १९५४ च्या त्यांच्या कार्यक्रमातून कृष्णवर्णीय नर्तक आर्थर डंकन यांना वगळा, असा दबाव दक्षिणेतल्या केंद्रांकडून आला. व्हाइट यांनी त्यांना उलट जास्त वेळ दिला.

कॅरल बर्नेट (जन्म १९३३) यांच्या करारात एक कलम होते. ठरावीक मुदतीत त्यांनी मागणी केली तर सीबीएसने तासाभराचे ३० विविधरंगी कार्यक्रम द्यायचेच. ‘हा प्रकार पुरुषांचा’ म्हणून अधिकाऱ्यांनी त्यांना घरगुती मालिका देऊ केली. बर्नेट कलमावर अडून बसल्या. सप्टेंबर १९६७ मध्ये सुरू झालेला ‘द कॅरल बर्नेट शो’ ११ वर्षे चालला. एकाच दिवशी रंगीत तालीम आणि मुख्य प्रयोग हे दोन्ही प्रेक्षकांसमोर ध्वनिचित्रमुद्रित होत आणि दोन्हींतले सरस तुकडे जोडले जात. ‘गॉन विथ द विंड’ चित्रपटाच्या नोव्हेंबर १९७६ मधल्या विडंबनातला, पडदा दांडीसकट खांद्यावर चढवलेला पोशाख बॉब मॅकी यांनी बनवला होता. नुसता पडदा अंगावर टाकण्याची मूळ कल्पना त्यांना पुरेशी वाटली नाही. दांडी ही त्यांची भर. बर्नेट त्यात अत्यंत डौलात जिना उतरतात, आणि गंमत त्या डौलातच आहे.

एकटी स्त्री, नोकरी आणि वादाचे विषय

‘दॅट गर्ल’ (१९६६–७१) मधली मार्लो थॉमस यांची नायिका एकटी राहून स्वतःचे पोट भरत होती. शेवट लग्नाने करण्यास थॉमस यांनी नकार दिला. मेरी टायलर मूर (१९३६–२०१७) यांनी पतीसह एमटीएम ही निर्मितीसंस्था काढली. त्यांच्या मालिकेची (१९७०–७७) नायिका मुळात घटस्फोटित होती. सीबीएसने हरकत घेतल्याने तिला मोडलेल्या प्रेमसंबंधातून आलेली दाखवले. या मालिकेने २९ एमी मिळवली आणि तिच्या लेखनात स्त्रिया लक्षणीय संख्येने होत्या. त्यांतल्या ट्रीव्हा सिल्व्हरमन यांना १९७४ मध्ये लेखनाचे एमी मिळाले. बीॲट्रिस आर्थर (१९२२–२००९) यांच्या ‘मॉड’ मध्ये नोव्हेंबर १९७२ च्या दोन भागांत ४७ वर्षांची नायिका गर्भपाताचा निर्णय घेते. गर्भपाताच्या हक्काला देशभर मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा रो खटल्याचा निकाल तेव्हा दोन महिने दूर होता. पुनःप्रक्षेपणाच्या वेळी अनेक केंद्रांनी हे भाग दाखवले नाहीत. लेखिका सुझन हॅरिस यांनीच पुढे ‘द गोल्डन गर्ल्स’ (१९८५–९२) निर्माण केली. तिच्या चारही नायिकांना एमी मिळाले.

कृष्णवर्णीय अभिनेत्री

या इतिहासातला हा भाग सर्वांत अडखळत पुढे सरकला. ‘ब्यूला’ (१९५०) मुळे एथेल वॉटर्स अमेरिकी विनोदी मालिकेच्या पहिल्या कृष्णवर्णीय नायिका ठरल्या, पण भूमिका गोऱ्या कुटुंबाच्या मोलकरणीची होती. रेडिओवर तर ती आधी एका गोऱ्या पुरुषानेच केली होती. मोलकरणीपलीकडची नायिका १९६८ मध्ये आली ती ‘ज्युलिया’ मधली डायॲन कॅरल (१९३५–२०१९) यांची परिचारिका, व्हिएतनाममध्ये पती गमावलेली आणि मुलाला एकटीने वाढवणारी. ज्युलियाचे नीटनेटके घर कृष्णवर्णीयांच्या वास्तवापासून फार दूर आहे, अशी टीका झाली. कॅरल यांना तीही सोसावी लागली आणि वाहिनीचे संकोचही. विनोदी मालिकेतील प्रमुख अभिनेत्रीचे एमी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणजे ‘द जेफरसन्स’ मधल्या इझाबेल सॅनफर्ड, वर्ष १९८१. दुसरी, क्विंटा ब्रन्सन, जानेवारी २०२४ मध्ये.