टक् आवाज येईपर्यंत दाबा

बारावीचे निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली की नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांतून कॉम्प्युटरचे सुटे भाग घरी येऊ लागतात. मदरबोर्ड (सगळे भाग जोडायची मुख्य पाटी), प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट. मुलंमुली ते स्वतः जोडायला बसतात, ही मला फार चांगली गोष्ट वाटते. आणि मग दुकानात फोन जातो, "भाऊ, पंखे फिरून राहिले, पण डिस्प्लेच येत नाही." पलीकडून बहुधा दोनच प्रश्न येतात. रॅम नीट बसली का? आणि प्रोसेसरजवळची आठ पिनांची वायर लावली का?

हे प्रश्न अनुभवातून आलेले आहेत, पण त्यांच्यामागे भक्कम भौतिकशास्त्र आहे. वीज किती अंतर कापते आणि दोन धातू एकमेकांना किती घट्ट टेकलेत, या दोन गोष्टी समजल्या की जोडणीचे बहुतेक नियम पाठ करायची गरज उरत नाही.

आधी रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची तात्पुरती स्मृती. तिच्या चिपमध्ये प्रत्येक बिटसाठी विद्युतभार साठवणारा एक अतिसूक्ष्म कपॅसिटर आणि त्याच्यावर पहारा देणारा एक ट्रान्झिस्टर असतो. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना 1966 साली सुचली, 1968 मध्ये तिचं पेटंट मिळालं, आणि आजची रॅमही मुळात तीच आहे. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर 1, नसला तर 0. पण हा भार सतत गळत असतो. म्हणून डीडीआर4 या पिढीच्या रॅममधली प्रत्येक ओळ 64 मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावी लागते, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. तापमान वाढलं की गळती वाढते. चिप 85 अंशांच्या वर गेली तर हे भरणं दुप्पट वेगानं करावं लागतं. मे महिन्यात खोलीच चाळीसच्या पुढे असते, तेव्हा कॅबिनेटमध्ये हवा खेळती ठेवणं नागपुरात चैनीत मोडत नाही.

एका बिटचा भार म्हणजे ढोबळमानानं काही दहा हजार इलेक्ट्रॉन. आता आपल्या बोटाचा हिशेब करू. उन्हाळ्यात इथली दुपारची हवा इतकी कोरडी असते की नायलॉनची चादर किंवा प्लास्टिकची खुर्ची घासली तरी अंगावर स्थिरविद्युत साठते. दाराच्या कडीला हात लावल्यावर बसणारा चटका आपल्याला जाणवतो, तो साधारण 3000 व्होल्टच्या पुढे. माणसाच्या शरीराची धारिता (भार साठवण्याची क्षमता) सुमारे 100 पिकोफॅरड धरली, तर त्या क्षणी अंगावर जवळजवळ दोन लाख कोटी इलेक्ट्रॉनांची कमीजास्त असते. ती रॅमच्या पिनेतून एका झटक्यात वाहिली, तर चिपमधले काही नॅनोमीटर जाडीचे निरोधक थर फुटू शकतात. त्याहून कमी, आपल्याला जाणवणारही नाही इतका झटकासुद्धा पुरतो. म्हणून रॅमची पट्टी कडांना धरायची, सोनेरी पिनांना बोट लावायचं नाही, आणि ती हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात टेकवायचा. कूलर चालू असलेल्या खोलीत हवा दमट असते, त्यामुळे हा धोका बराच कमी होतो. मात्र उघडं कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात नको. पाण्याचा शिंतोडा उडू शकतो.

आता जागा. मदरबोर्डावर चार खाचा आणि हातात दोन पट्ट्या असतील, तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. बहुतेक बोर्डांचं माहितीपुस्तक हेच सांगतं, पण का ते सांगत नाही. कारण मोठं सुंदर आहे.

प्रोसेसरकडून रॅमकडे दोन स्वतंत्र वाहिन्या जातात आणि प्रत्येक वाहिनीवर दोन खाचा असतात. दोन्ही पट्ट्या एकाच वाहिनीवर बसवल्या, तर दुसरी रिकामी पडून राहते. डीडीआर4-3200 मध्ये एका वाहिनीतून सेकंदाला 25.6 गिगाबाइट जाऊ शकतात, दोन्ही वापरल्या तर 51.2. हे झालं साधं कारण. खरी गंमत पुढे आहे. 3200 याचा अर्थ प्रत्येक तारेवरून सेकंदाला 320 कोटी बिट, म्हणजे एका बिटच्या वाट्याला सुमारे 312 पिकोसेकंद (1000 पिकोसेकंदांचा एक नॅनोसेकंद). मदरबोर्डाच्या तांब्याच्या रेघेतून संकेत एका नॅनोसेकंदात साधारण 15 सेंटिमीटर जातो. म्हणजे एका बिटच्या वेळात तो पाचएक सेंटिमीटरच सरकतो! पहिला बिट रॅमपर्यंत पोचायच्या आत मागचा वाटेला लागलेला असतो. मदरबोर्डावर खाचांजवळ काही रेघा उगाच नागमोडी गेलेल्या दिसतात ना, त्या उगाच नाहीत. सगळ्या तारांची लांबी सारखी व्हावी, सगळे बिट एकाच वेळी पोचावेत, म्हणून जवळच्या तारांना मुद्दाम वळसा दिलेला असतो.

इतक्या वेगात तारेचं मोकळं टोक त्रास देतं. फुटाळा तलावाच्या पाळीवर आपटून लाट मागे फिरते, तसा संकेत मोकळ्या टोकावरून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या संकेतात मिसळून त्याला बिघडवतो. बऱ्याच बोर्डांवर वाहिनीची तार पहिल्या खाचेवरून पुढे दुसऱ्या खाचेपर्यंत जाते. पट्टी पहिल्या खाचेत लावली, तर पुढचा तुकडा मोकळा लोंबकळतो. दुसऱ्या खाचेत लावली, तर तार पट्टीपाशीच संपते, आणि तिथे चिपमधला रोध संकेताची ऊर्जा शोषून घेतो. प्रोसेसरशेजारची खाच सोडा असं का म्हणतात, त्याचा हा उलगडा.

बसवताना पट्टीच्या खालच्या काठावरचा काप खाचेतल्या उंचवट्याशी जुळवून पाहावा. डीडीआर4 आणि डीडीआर5 दोन्हींना 288 पिना असतात, पण त्यांचा काप वेगळ्या जागी असतो, कारण त्यांची वीज घेण्याची पद्धतच वेगळी आहे. डीडीआर4 ला बोर्डाकडून तयार 1.2 व्होल्ट मिळतात, तर डीडीआर5 ची पट्टी बोर्डाकडून 5 व्होल्ट घेऊन स्वतःवरच्या चिपनं 1.1 व्होल्ट बनवते. काप जुळत नसेल तर जोर लावू नये, रॅम चुकीची आहे. जुळत असेल तर मात्र दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकं दाबावीत, खटका टक् आवाज करून बसेपर्यंत. नवख्यांना इतका जोर लावायची भीती वाटते. पण 288 स्प्रिंगांना एकदम सारायचं तर तेवढा जोर लागणारच. डीडीआर4 च्या पट्टीचा काठ म्हणूनच मधे किंचित फुगीर ठेवलाय, सगळ्या पिना एकाच क्षणी घासू नयेत.

"रॅम काढ आणि खोडरबरने घास" हा आपल्याकडचा जुना उपाय. मला तो पटत नाही. पिनांवर सोन्याचा मुलामा असतो आणि सोनं गंजत नाही. मुलामा जेमतेम मायक्रॉनभर जाड. रबरनं तो झिजतो आणि रबराचा चुरा खाचेत पडतो. घासल्यावर कॉम्प्युटर सुरू होतो तो बहुतेकदा पट्टी काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे.

आता वीज. रॅम लावण्याआधी एसएमपीएसची वायर भिंतीतून काढून ठेवावी, कारण कॉम्प्युटर बंद असला तरी जांभळ्या तारेतून बोर्डाला 5 व्होल्ट मिळतच असतात. चोवीस पिनांचा मोठा जोड सहसा कोणी विसरत नाही. राहून जातो तो बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला, प्रोसेसरचा आठ पिनांचा. तो नसला तरी पंखे फिरतात, दिवे लागतात, प्रोसेसर मात्र उपाशी राहतो.

प्रोसेसरला स्वतंत्र वायर कशाला? 120 वॅट खाणारा प्रोसेसर साधारण 1.2 व्होल्टवर चालतो असं धरा. म्हणजे 100 अँपिअर. दीड टनाच्या एसीला सात-आठ अँपिअर पुरतात. 100 अँपिअर कॅबिनेटभर लांब तारेतून न्यायचे, तर तारा तापतील, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वीज 12 व्होल्टनं, फक्त 10 अँपिअर होऊन प्रोसेसरच्या उशाशी येते आणि शेवटच्या काही सेंटिमीटरांत तिथल्या सर्किटमध्ये 1.2 व्होल्टची होते. कोराडीच्या औष्णिक केंद्रातली वीज लाखो व्होल्टच्या दाबानं बाहेर पडते आणि आपल्या गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर खाली उतरते, तीही याच नियमानं.

ग्राफिक्स कार्डाच्या जोडात हाच वर्गाचा नियम अंगावर येतो. 600 वॅटच्या नव्या जोडात सहा पिनांतून 50 अँपिअर वाहतात, म्हणजे प्रत्येकीतून आठाहून जास्त. जोड अर्धवट बसला आणि तीन पिना नीट टेकल्याच नाहीत, तर उरलेल्यांवर भार दुप्पट आणि उष्णता चौपट. 2022 मध्ये काही महागड्या कार्डांचे जोड वितळले, त्यात पूर्ण न बसलेला जोड हे एक मोठं कारण निघालं. पुढे या जोडातल्या संवेदक पिना मुद्दाम आखूड केल्या गेल्या, जोड पुरता बसल्याशिवाय कार्डानं वीज घेऊच नये म्हणून. आणि एका कंपनीच्या एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्याला कधीही लावू नका. बोर्डाकडचं टोक ठरलेलं असतं, एसएमपीएसकडचं नाही.

नागपूरकरांसाठी एसएमपीएसबद्दल आणखी दोन गोष्टी. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घरातलं अर्थिंग तपासून घ्या. एसएमपीएसमधले दोन छोटे कपॅसिटर विजेतला गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी असतात. अर्थिंग नसेल, तर त्यांच्यामुळे कॅबिनेट 230 च्या निम्म्या, म्हणजे सुमारे 115 व्होल्टवर तरंगतं. प्रवाह मिलिअँपिअरहून कमी असतो, पण एसएमपीएसमध्ये दुसरा बिघाड झाला तर वाचवायला कोणीच नसतं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून त्याचा रोध वाढतो. त्यात पाणी घालणारे जुने इलेक्ट्रिशियन बरोबरच करतात. दुसरी गोष्ट, एसएमपीएसवर छापलेले वॅट कोणत्या तापमानाला मिळतात ते बघा. काही 40 अंशांना मोजलेले असतात, काही 50 ला. 2013 च्या मे महिन्यात या शहरानं 47.9 अंश पाहिलेत. इथे 50 वालाच घ्यावा.

सगळं लावून बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला, तरी लगेच बंद करू नका, विशेषतः डीडीआर5 असेल तर. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड प्रत्येक तारेवरचा संकेत किती पिकोसेकंद उशिरा येतो ते मोजून जुळवून घेत असतो. त्याला कधीकधी काही मिनिटं लागतात. रॅम जास्त असेल तर आणखी. दहाएक मिनिटं थांबूनही काही दिसलं नाही आणि बोर्डावरचा रॅमचा छोटा दिवा लागलेलाच राहिला, तर वायर काढा, एकच पट्टी दुसऱ्या खाचेत ठेवा आणि तिथूनच पुन्हा सुरुवात करा.