साडेसहाला संपणारी ऑफर

मंगळवार, दुपारचे साडेचार. या वेळी बालेवाडी हाय स्ट्रीटवरच्या एखाद्या रेस्टो-बारमध्ये डोकावलं, तर एसी चालू, गाणी चालू, वेटर ग्लास पुसत उभे आणि साठ खुर्च्यांपैकी जेमतेम दहा भरलेल्या. शनिवारी रात्री याच दारात नाव लिहून ताटकळावं लागतं. भाडं आणि पगार मात्र दोन्ही दिवशी तेवढेच. मग आसपासच्या काही फोनवर मेसेज उमटतो: ‘आज साडेसहापर्यंत बिलावर २० टक्के सूट.’ दोन तासांनी हा मेसेज निरुपयोगी होणार असतो, आणि त्याचं सगळं बळ त्यातच आहे.

रिकामी खुर्ची हा नाशवंत माल. आज न खपलेलं पनीर उद्या वापरता येतं. आज साडेचार ते साडेसहा रिकामी राहिलेली खुर्ची उद्या विकता येत नाही. विमान कंपन्यांना हे आधी उमगलं. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला आणि मागणी पाहून दर वरखाली करण्याचं गणित तिथे रुजलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या शेरिल काइम्स यांनी १९९८च्या सुमारास तेच गणित रेस्टॉरंटला लावलं. दिवसाचा गल्ला किती, हे त्या विचारत नाहीत. दर खुर्चीमागे दर तासाला किती पैसे आले, ते मोजतात. असं मोजलं की शनिवारच्या गर्दीआड मंगळवारचा शुकशुकाट लपत नाही.

बरं, सूट द्यायचीच तर दोनच तासांची का? महिनाभराची मुदत दिली तर जास्त लोक येतील, असं कुणालाही वाटेल. सुझॅन शू आणि आयलेट ग्नीझी या संशोधिकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका याच समजुतीवर आहे. त्यांनी लोकांना पेस्ट्रीच्या एका चांगल्या दुकानाची कूपनं दिली. काहींच्या कूपनाला तीन आठवड्यांची मुदत होती, काहींच्या दोन महिन्यांची. ‘वापराल का?’ असं विचारल्यावर दोन महिनेवाल्यांपैकी ६८ टक्के ‘हो’ म्हणाले, तीन आठवडेवाल्यांपैकी ५० टक्के. प्रत्यक्षात दुकानात गेले किती? तीन आठवडेवाले ३१ टक्के आणि दोन महिनेवाले फक्त ६ टक्के.

चालढकल आपण कंटाळवाण्या कामांचीच करतो असं नाही, मजेचीही करतो. आज धावपळ आहे, पुढच्या आठवड्यात निवांत असू, हा भ्रम दर आठवड्याला नव्याने होतो. याच संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली. शहरात राहणाऱ्यांपेक्षा चार दिवस आलेले पाहुणे तिथली प्रेक्षणीय स्थळं जास्त पाहून जातात. आगाखान पॅलेस आतून न पाहिलेले पुणेकर आपल्याच ओळखीत किती आहेत, ते आठवून पाहा. पाहुण्याकडे परतीचं तिकीट असतं, आपल्याकडे नसतं.

दोन तासांची ऑफर ‘नंतर बघू’ची सोयच काढून घेते. त्यात डॅनिएल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेला सिद्धांत मदतीला येतो: शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचं दुःख मोठं असतं. मेसेज वाचला की ती सूट मनाने आपली झालेली असते; साडेसहा वाजले की ती ‘गेली’. मात्र ही किल्ली खऱ्या मुदतीलाच लागू आहे. पान पुन्हा उघडलं की नव्याने दहा मिनिटं मोजू लागणारी घड्याळं ही सरळसरळ फसवणूक आहे, आणि केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशी खोटी घाई ग्राहकाला फसवण्याच्या १३ क्लृप्त्यांपैकी एक म्हणून नोंदवलेली आहे.

आता तांत्रिक बाजू. मेसेज जवळच्यालाच पाठवायचा तर नकाशावर हॉटेलभोवती एक अदृश्य वर्तुळ आखतात, त्याला जिओफेन्स म्हणतात. ग्राहकाने परवानगी दिलेली असेल तर फोन जीपीएस, वाय-फाय आणि मोबाइल टॉवर यांच्या आधारे आपण वर्तुळात शिरलो का, हे पाहत राहतो. वर्तुळ निदान १०० ते १५० मीटर त्रिज्येचं ठेवा, असा अँड्रॉइडचा सल्ला आहे, कारण घरात-दुकानात ठिकाणाचा अंदाज तितका अचूक नसतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोन सतत तपासतही नाही, त्यामुळे ‘शिरला’ हे कळायला दोन-तीन मिनिटं लागू शकतात. एफसी रोडवर दोन-तीन मिनिटांत दुचाकीवाला गुडलक चौक ओलांडून गेलेला असतो. रस्ता एकेरी. स्टार्टरवरच्या सवलतीसाठी जेएम रोडवरून वळसा घालून कोण येतंय? म्हणून नुसतं ‘शिरला’ यावर न जाता ‘शिरला आणि काही मिनिटं रेंगाळला’ अशी अट घालण्याची सोय असते. जाणारे गळतात, फिरायला आलेले उरतात.

वर्तुळाला नदी दिसत नाही, हा दुसरा घोळ. डेक्कनवरच्या हॉटेलने अर्ध्या किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर नारायण पेठेचा काही भाग त्यात येतो. एरवी भिडे पुलावरून ते पाच मिनिटांचं काम. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की पूल पाण्याखाली, आणि नकाशावर शेजारी असलेला ग्राहक प्रत्यक्षात लांबचा होतो. हुशार मंडळी म्हणूनच सरळ रेषेतलं अंतर सोडून पोहोचायला लागणारा वेळ मोजतात.

आणि मेसेज वेळेवर पोहोचण्याइतकंच त्याने वेळेवर मरणंही गरजेचं. ग्राहकाचा फोन बंद असेल तर मेसेज मधल्या सर्व्हरवर थांबून राहतो. अ‍ॅपचे मेसेज फोनपर्यंत पोहोचवणाऱ्या गूगलच्या फायरबेस सेवेत मुदत ठरवून दिली नाही, तर तो चार आठवड्यांपर्यंत तसाच राहू शकतो. म्हणजे मंगळवारी साडेसहाला संपलेली सूट गुरुवारी सकाळी, पोह्यांच्या वेळी फोनवर हजर. पाठवतानाच आयुर्मर्यादेच्या रकान्यात ७२०० सेकंद लिहिले की हा प्रश्न मिटतो. गंमत म्हणजे हा रकाना बरेच जण भरतच नाहीत.

आता हिशेब, कारण बहुतेक ऑफर मरतात त्या इथे. समजा एका टेबलाचं सरासरी बिल १००० रुपये आणि त्यातला कच्च्या मालाचा खर्च ३५०. भाडं, पगार, वीज तर जाणारच आहेत, म्हणजे टेबलामागे हाती राहतात ६५०. ऑफर नसताना चार टेबलं येत असतील तर २६००. आता २० टक्के सूट दिली की बिल ८००, हाती ४५०. ही सूट आधीच्या चार टेबलांनाही मिळते, हे विसरायचं नाही. पाच टेबलं आली तर २२५०, म्हणजे गर्दी वाढूनही तोटा. सहा आली तर २७००, म्हणजे शंभर रुपये फायदा. दीडपट गिऱ्हाईक आणल्यावर कुठे जेमतेम वर डोकं निघतं. इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या एका बेकरीने २०११ साली डझनभर कपकेकवर ७५ टक्के सूट देऊन ऑनलाइन कूपनं काढली, पण त्यांवर संख्येची मर्यादा घातली नाही. तब्बल ८५०० जणांनी ती घेतली. १ लाख २ हजार कपकेक भाजता भाजता दुकानाचा वर्षाचा नफा गेला.

मग ऑफर चालली की नाही, हे ओळखायचं कसं? ‘मेसेज दाखवून किती जण आले’ हा आकडा फसवा आहे. त्यातले काही एरवीही आलेच असते. औषधांच्या चाचणीत वापरतात तीच पद्धत इथे लागते. यादीतल्या दर दहांपैकी एकाला चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून मेसेज पाठवायचाच नाही. पाठवलेल्यांपैकी किती टक्के आले आणि न पाठवलेल्यांपैकी किती, यातला फरक म्हणजे ऑफरची खरी कमाई. मालकांना हे पटवणं अवघड जातं. हातचं गिऱ्हाईक मुद्दाम सोडायचं, हे धंद्याच्या अंगवळणी पडलेलं नसतं. रोज त्याच वेळी सूट देणाऱ्याला तर हा हिशेब मांडायचीही गरज नाही. पंधरवड्यात त्याच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात ८०० हाच खरा भाव बसतो, आणि १००० मागितले की महाग वाटतात.

दारूच्या बाबतीत गोष्ट निराळी. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि मद्याच्या जाहिरातीवर त्यात बंदी आहे, म्हणून मेसेजात ‘स्टार्टर्स’ किंवा ‘बिल’ एवढंच लिहिण्यात शहाणपण. बिअरला २१ वर्षं आणि कडक मद्याला २५ वर्षं पूर्ण हवीत. जिओफेन्सला वय कळत नाही. अनंत चतुर्दशीचा ड्राय डेही त्याला कळत नाही, तो कुणीतरी आधीच कॅलेंडरात घालून ठेवावा लागतो. आयर्लंडने २००३ साली मद्याचे हॅपी अवर्सच बंद केले, कारण घाईघाईने दर उतरले की पिणंही घाईघाईने होतं. स्कॉटलंडने २००९पासून वेगळी वाट धरली: मद्याची किंमत एकदा बदलली की ती किमान ७२ तास तशीच ठेवायची. सूट द्यायला तिथे मनाई नाही. फक्त ती साडेसहाला संपवता येत नाही.