एकोणीस अधिक त्रेसष्ट: नागानोच्या हाचिज्यूनी बँकेची पार्श्वभूमी

हाचिज्यूनी म्हणजे ब्याऐंशी. जपानच्या नागानो प्रीफेक्चरमधल्या (म्हणजे प्रांतातल्या) सर्वांत मोठ्या बँकेला हे नाव पडलं ते दोन बँकांच्या क्रमांकांच्या बेरजेतून.

१८७६ साली सामुराईंचे वंशपरंपरागत तनखे बंद करून सरकारने त्यांच्या हाती रोखे दिले. त्याच वर्षी बँकांचा कायदा सैल झाला आणि हे रोखे बँकेचं भांडवल म्हणून चालू लागले. १८७९ पर्यंत १५३ बँका निघाल्या, परवान्याच्या क्रमांकानेच ओळखल्या जाणाऱ्या. नावात ‘राष्ट्रीय’ असलं तरी मालकी खासगी. नागानोत एकोणिसावी उएदात होती, त्रेसष्टावी मात्सुशिरोत.

त्यांचा खरा धंदा रेशमाचा. जूनमध्ये रेशीमकिड्यांचे वसंतातले कोष बाजारात येत, शेतकऱ्याला रोख पैसे हवे असत, आणि कोषांतून धागा काढणाऱ्या गिरणीला बराचसा माल काही आठवड्यांतच उचलावा लागे. त्यासाठी बँक कर्ज देई. ताज्या कोषातून पंधरवड्याच्या आत पतंग बाहेर पडतो. तो कोष भोक पाडून निघाला, की सलग धागा मिळत नाही. म्हणून कोष आधी गरम हवेत वाळवत. वजन साधारण चाळीस टक्क्यांवर येई. मग तोलून ते गोदामात जात आणि बँकेकडे तारण राहत. जितकी परतफेड होई, तितकीच पोती सुटत. धागा योकोहामा बंदराला जाई, तिथून मुख्यतः अमेरिकेला.

या व्यवहाराची मेख अशी, की कोषांचा भाव जूनमध्ये ठरे आणि रेशीम विकलं जाई काही महिन्यांनी. मधल्या काळात दर कोसळला, तर गोदाम भरलेलं असूनही तारण कर्जाला पुरत नसे. १९३० मध्ये नेमकं हेच घडलं. अमेरिकेतली मंदी आणि येन पुन्हा सोन्याशी बांधल्याचा ताण एकदम आला, रेशमाचा भाव निम्म्याहून खाली गेला. दोन्ही बँकांचं कर्ज एकाच पिकात अडकलेलं, त्यामुळे एकीला दुसरीचा आधार घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ऑगस्ट १९३१ मध्ये त्या एक झाल्या.

पुढचं विलीनीकरण मात्र घटत्या लोकसंख्येमुळे आणि वर्षानुवर्षं शून्याजवळ राहिलेल्या व्याजदरांमुळे आलं. प्रादेशिक बँकांच्या एकत्रीकरणाला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सवलत देणारा खास कायदा २०२० मध्ये लागू झाला. जून २०२३ मध्ये हाचिज्यूनीने मात्सुमोतोची नागानो बँक उपकंपनी म्हणून घेतली आणि १ जानेवारी २०२६ ला दोन्ही मिळून हाचिज्यूनी नागानो बँक झाली. या वेळी क्रमांकांची बेरीज करायची नव्हती; ब्याऐंशी तसाच ठेवून पुढे प्रांताचं नाव जोडलं.