सगळ्यांनी माना डोलावल्या, पण समजलं का?

राईन नदीवर लाउफेनबुर्गला जर्मनी आणि स्वित्झर्लंड मिळून पूल बांधत होते. समुद्रसपाटी जर्मनी उत्तर समुद्रावरून धरते, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्रावरून. फरक २७ सेंटिमीटर. तो दोन्हीकडच्या अभियंत्यांना ठाऊक होता, हिशेबातही घेतला होता. फक्त अधिक-उणेचं चिन्ह उलटं लागलं. २००३ मध्ये दोन बाजूंच्या उंचीत ५४ सेंटिमीटरची तफावत निघाली.

म्हणजे माहिती दोघांकडे असूनही भागत नाही. मग एकच समज तयार होते कशी? मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क आणि डियाना विल्क्स-गिब्स यांनी १९८६ मध्ये ते प्रयोगातून दाखवलं. मध्ये पडदा, दोन्हीकडे टॅनग्रॅमच्या, म्हणजे भौमितिक तुकडे जुळवून केलेल्या, त्याच १२ आकृत्या. एकाने वर्णन करायचं, दुसऱ्याने त्या क्रमाने मांडायच्या. अशा सहा फेऱ्या. पहिल्या फेरीत एका आकृतीमागे सरासरी ४१ शब्द लागले, सहाव्या फेरीत ८.

शब्द कसे गळतात, ते बघण्यासारखं आहे. बोलणारा म्हणतो, ‘बर्फावर घसरणारा माणूस, हात पुढे काढलेला.’ ऐकणारा अडवतो, ‘एक पाय मागे आहे तोच ना?’ ‘हो, तोच.’ ‘हां, मिळाला.’ हा होकार आल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. पुढच्या फेऱ्यांत नुसतं ‘स्केटर’ म्हटलं तरी पुरतं. त्या नावात ऐकणाऱ्याच्या शंकेचाही वाटा असतो. या प्रक्रियेला ‘ग्राउंडिंग’ म्हणतात.

एखादं उपकरण बनवणाऱ्या डिझाइन टीममध्येही हेच होतं. ‘हलकं’ म्हणजे एकाला कमी वजन वाटतं, दुसऱ्याला कमी बटणं. बैठकीत दोघेही माना डोलावतात. पुठ्ठ्याचा कच्चा नमुना टेबलावर आला की कुणीतरी बिजागरीवर बोट ठेवतं: ‘झाकण इथून उघडणार? मग बॅटरी काढायची कुठून?’ अडवणं सुरू होतं ते इथे. टीममधल्यांच्या राशी किंवा स्वभावाचे ‘रंग’ जुळवणाऱ्या कार्यशाळांत अशा प्रश्नाला जागाच नसते.

१९८९ मध्ये मायकेल शोबर आणि क्लार्क यांनी अशाच प्रयोगात तिसरा माणूस आणला. संवाद त्याने पहिल्यापासून शब्दन् शब्द ऐकला, पण मध्ये विचारायची मुभा नव्हती. आकृत्या ओळखण्यात तो प्रत्यक्ष संवादातल्या जोडीदारापेक्षा मागे पडला. टीममध्ये नव्याने आलेल्याला बैठकांचं रेकॉर्डिंग किंवा एआयने काढलेला गोषवारा धरवला, की तो याच तिसऱ्या माणसाच्या जागी बसतो. त्याला नमुना हातात घेऊन जुन्यांना अडवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी जुन्यांना ठरलेल्या गोष्टी पुन्हा उघडाव्या लागतात.