स्पॅनिशमधले संकेतार्थी रूप: दोन शब्दांचा एक शब्द कसा झाला

स्पॅनिशचा वर्तमानकाळ शिकताना क्रियापद आर, एर की ईर गणातले, हे आधी पाहावे लागते. संकेतार्थी रूपात, म्हणजे 'असे असते तर गायलो असतो' सारख्या रूपात, ती कटकटच नाही. क्रियापदाचे मूळ रूप अखंड ठेवायचे आणि पुढे ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन लावायचे. कांतार म्हणजे गाणे. त्यावरून कांतारीआ, कांतारीआस, कांतारीआमोस. कोमेर (खाणे) आणि बिबिर (जगणे) यांनाही हेच प्रत्यय. हा सारखेपणा कुठून आला ते कळले, की तक्ता घोकण्याची गरज फारशी उरत नाही.

अभिजात लॅटिनमध्ये हे रूपच नव्हते. 'असे असते तर तसे झाले असते' हा आशय तिथे क्रियापदाच्या दुसऱ्याच 'अर्था'च्या (आज्ञार्थ, विध्यर्थ असतात तशा प्रकारच्या) रूपांनी भागवला जाई. पुढे बोलीभाषेत लोक मूळ क्रियापदाला 'हाबेरे' हे सहायक क्रियापद जोडू लागले. कांतारे हाबेओ म्हणजे 'मला गायचे आहे'. त्यातून स्पॅनिशचा कांतारे (मी गाईन) हा भविष्यकाळ घडला. कांतारे हाबेबाम म्हणजे 'मला गायचे होते'. ते झिजत झिजत कांतारीआ झाले. म्हणजे आज ज्याला आपण प्रत्यय म्हणतो तो मुळात 'हाबेरे'च्या भूतकाळाचा उरलेला तुकडा आहे. सहायक क्रियापद सगळ्यांना एकच, म्हणून प्रत्ययही एकच.

हे दोन तुकडे पुष्कळ शतके पुरते सांधले गेले नव्हते, आणि त्याचा पुरावा फार देखणा आहे. एल सिद या वीराच्या मध्ययुगीन स्पॅनिश महाकाव्यात राजाने हद्दपार केलेला सिद बुर्गोस शहरात येतो. त्याला घरी बोलवावे असे लोकांना मनापासून वाटते, पण राजाच्या धाकाने कोणी धजत नाही. तिथे कवी लिहितो: 'कोन्बिदार ले इएन दे ग्रादो', त्यांनी त्याला आनंदाने बोलावले असते. 'कोन्बिदार' हे क्रियापद, 'इएन' हा आजच्या 'ईआन'चा जुना अवतार, आणि 'ले' म्हणजे 'त्याला' हे सर्वनाम त्या दोघांच्या मधोमध! आजच्या स्पॅनिशमध्ये अशी पाचर मारता येत नाही. लेखी पोर्तुगीजमध्ये मात्र ती अजून दिसते. 1492 साली आंतोनिओ दे नेब्रिखा याने कास्तीलच्या भाषेचे, म्हणजे स्पॅनिशचे, व्याकरण लिहिले, तेव्हा ही रूपे मूळ क्रियापद आणि सहायक यांच्या जोडणीतून आल्याचे त्याने नोंदवून ठेवले होते.

अनियमित रूपे मोजकीच आहेत आणि तीही याच सांध्यावर घडली. पोदेर (शकणे) मधला आघात नसलेला ए गळून पोद्रीआ झाले. तेनेर (जवळ असणे) मधला ए गळल्यावर न आणि र शेजारी आले, उच्चार सोपा व्हावा म्हणून मध्ये द शिरला, आणि तेन्द्रीआ तयार झाले. भविष्यकाळही असाच जोडून बनलेला असल्याने तिथे हीच अंगे सापडतात. एकदा पाठ केली की दोन्हीकडे चालतात.

अर्थाची गुरुकिल्लीही त्या 'गायचे होते'मध्येच आहे: भूतकाळात उभे राहून पुढे पाहणे. 'दिखो के कांतारीआ', गाईन असे तो म्हणाला. 'सेरीआन लास दिएस', तेव्हा दहा वाजले असावेत. न घडलेल्या गोष्टींसाठीचा वापर, 'सि तुबिएरा तिएम्पो, कांतारीआ' म्हणजे 'वेळ असता तर गायलो असतो', यालाच आज संकेतार्थ म्हणून आपण आधी ओळखतो. इथे 'सि' म्हणजे 'जर', आणि त्याच्यानंतर संकेतार्थी रूप येत नाही. स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रदेशात आणि बुर्गोसच्या आसपास, लोक 'सि तेन्द्रीआ' सर्रास बोलतात. प्रमाणभाषा ते मान्य करत नाही.

संकेतार्थी रूप हा काळ की आज्ञार्थासारखा क्रियापदाचा अर्थ, यावर व्याकरणकारांचे बराच काळ जमले नाही. आंद्रेस बेल्यो यांनी 1847 च्या व्याकरणात त्याला 'पोसप्रेतेरितो', म्हणजे भूतकाळानंतरचा काळ, असे नाव दिले. स्पॅनिश अकादमी विसाव्या शतकात बराच काळ त्याला 'पोतेन्सिआल' हा वेगळा अर्थ मानत राहिली आणि नंतर तिनेही तो निश्चयार्थातला (साध्या विधानाच्या अर्थातला) एक काळ म्हणून स्वीकारला. रूपाचा इतिहास पाहता बेल्यो यांचेच म्हणणे मला अधिक पटते.