पार्श्वभूमी : घरातला टीव्ही संगणकाचा पडदा कसा झाला

अमेरिकेतील ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या सप्टेंबर १९७३ च्या अंकात डॉन लँकेस्टर यांनी ‘टीव्ही टाइपरायटर’ची रचना प्रसिद्ध केली. कळफलकावर दाबलेली अक्षरे, ओळीला ३२ याप्रमाणे १६ ओळींत, घरच्या टीव्हीवर दिसू लागली. टर्मिनल, म्हणजे संगणकाशी जोडायचे कळफलक-पडद्याचे यंत्र, विकत घेणे हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. टीव्ही मात्र घरोघरी होता.

त्या काळच्या बहुतेक टीव्हींना अँटेनाखेरीज चित्र आत घेण्याची दुसरी वाट नव्हती. त्यामुळे संगणकाचे चित्र आधी एखाद्या वाहिनीच्या रेडिओलहरींवर चढवावे लागे आणि हे काम आरएफ मॉड्युलेटर करी. अशा लहरी बाहेर निसटून शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मुंग्या येऊ नयेत, यासाठी अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने कडक मर्यादा घातल्या होत्या. या इतिहासात स्वस्ताईचीच चर्चा अधिक होते. माझ्या मते यंत्रांचे रूप ठरवण्यात या नियमांचा वाटाही तितकाच मोठा आहे. १९७७ चा ॲपल टू हा संगणक मॉड्युलेटरशिवाय विकला गेला आणि ग्राहक तो दुसऱ्या उत्पादकाकडून घेत. अटारीने १९७९ च्या ४०० व ८०० या संगणकांत लहरी अडवण्यासाठी जाड ओतीव ॲल्युमिनियमचे कवच बसवले, तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने त्याच वर्षीचा टीआय-९९/४ टीव्हीऐवजी स्वतंत्र मॉनिटरसह १,१५० डॉलरला विकायला काढला.

ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीने सारा भर टीव्हीवरच दिला, म्हणून १९८१ चा झेडएक्स८१ संगणक जोडून तयार स्थितीत ६९.९५ पौंडांना देता आला. याच कंपनीचा पुढच्या वर्षीचा स्पेक्ट्रम संगणक घेणारा टीव्हीचे एखादे मोकळे बटण ३६ क्रमांकाच्या यूएचएफ चॅनलच्या आसपास फिरवत राही आणि पडद्याच्या तळाशी कंपनीचे नाव व १९८२ हे साल स्वच्छ वाचता आले, की जुळणी झाली असे समजे.

टीव्हीच्या सिग्नलमध्ये बारीक तपशील मावत नसे. ८० अक्षरांची ओळ पुसट होई, म्हणून ॲपल टू आणि कमोडोर ६४ ने ४० वर, स्पेक्ट्रमने ३२ वर भागवले. टीव्ही चित्राच्या कडा झाकून टाकी, म्हणून भोवती रिकामी चौकट सोडली जाई. १९८४ मध्ये ॲमस्ट्रॅड कंपनीने सीपीसी ४६४ या संगणकासोबत मॉनिटरच दिला, त्यावर ८० अक्षरे वाचता येऊ लागली, आणि टीव्हीला जोडण्याचा मॉड्युलेटर वेगळा विकत घेण्याची वस्तू झाला.