दिने आं ब्लां (श्वेतभोज)

दिने आं ब्लां : शहरातील एखाद्या प्रसिद्ध सार्वजनिक जागी, ऐनवेळी कळविलेल्या ठिकाणी, नखशिखांत पांढऱ्या पोशाखात जमून केलेले सामुदायिक सायंभोजन. टेबल, खुर्च्या, टेबलावरील कापड, भांडी व अन्न ज्याने त्याने आणावयाचे असते आणि कचऱ्यासह सर्व काही परत न्यावयाचे असते. उगम पॅरिसमध्ये, १९८८. तेथे ते वर्षातून एकदा, बहुधा जूनमध्ये होते.

प्रचलित वृत्तांतानुसार या प्रथेचा आरंभ फ्रांस्वा पास्किए यांनी केला. काही काळ परदेशी राहून (काही वृत्तांतांनुसार फ्रेंच पॉलिनीशियात) ते पॅरिसला परतले. मित्रमंडळींना जेवायला बोलवावे तर येणारे घराच्या मानाने फार झाले. तेव्हा त्यांनी सर्वांना शहराच्या पश्चिमेकडील बुआ द बुलोन्य या वनोद्यानात, बागातेलच्या परिसरात, बोलावले. प्रत्येकाने आणखी एका मित्राला आणावे व गर्दीत एकमेकांना ओळखता यावे म्हणून पांढरे कपडे घालावेत, असे सुचविले. घर लहान पडले की घराची बाग, याविषयी वृत्तांतांत फरक आढळतो. हा तपशील गौण असला, तरी सारी कथा मुख्यतः आयोजकांच्याच कथनावर उभी आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

पांढऱ्या रंगामागे जुनी परंपरा शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. पॅरिसमध्ये १९३० साली पेक्की-ब्लुंट दांपत्याने दिलेल्या ‘बाल ब्लां’ या श्वेतनृत्याचा दाखला त्यासाठी दिला जातो. त्या रात्री छायाचित्रकार मॅन रे यांनी नाचणाऱ्या पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर जुना रंगविलेला चित्रपट प्रक्षेपित केला होता. तथापि तो यजमानाच्या आवारातला, यजमानाच्या खर्चाने झालेला सोहळा होता. साम्य रंगापुरतेच राहते. त्यापेक्षा, प्रत्येकाने आपला वाटा उचलून एकत्र जेवण्याची जी रीत फ्रान्समध्ये निदान सतराव्या शतकाच्या अखेरीपासून आढळते, तिच्याशी नाते जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. रंगापुरते बोलायचे, तर ओळखीची खूण हे साधे स्पष्टीकरण पुरेसे आहे. अभिजाततेचा अर्थ त्याला मागाहून चिकटला असावा. ‘फ्लॅश मॉब’च्या (संदेश फिरवून अचानक जमणाऱ्या व लगेच पांगणाऱ्या जमावाच्या) वर्गातही याची गणना केली जाते, पण त्या नावाने ओळखले जाणारे जमाव २००३ साली मॅनहॅटनमध्ये सुरू झाले. त्यांत सहभागी होणारे बव्हंशी परस्परांना अनोळखी असत. येथे निमंत्रण ओळखीतूनच फिरते.

पॅरिसमध्ये हे भोजन दीर्घकाळ रीतसर परवान्याविना होत आले आणि पोलिसांनी सहसा त्याकडे काणाडोळा केला. जागा गुप्त ठेवण्याचे मूळ बहुधा यातच असावे. पाहुणे गटागटांनी ठरलेल्या ठिकाणी जमतात. गटप्रमुखाला जागा शेवटच्या क्षणी कळते आणि गट बसने किंवा मेट्रोने तिकडे निघतो. नोत्र दामसमोरील प्रांगण, पाँ दे झार हा पूल, शांझेलिझे, प्लास व्हांदोम अशा जागी ही भोजने झाली. २०१३ साली, पंचविसाव्या वर्षी, लूव्हरचे चौकोनी प्रांगण आणि त्रोकादेरो अशा दोन जागा निवडल्या होत्या. २०१८ साली अँव्हालीदसमोरील मैदानात ते झाले. पॅरिसमधील उपस्थिती १०,०००च्या पुढे गेली आहे.

निमंत्रण दोघांचे असते, एकट्याने येता येत नाही. याचे कारण मांडणीत आहे. सुमारे ७१ ते ८१ सेंमी. बाजूची घडीची चौरस टेबले एकमेकांना भिडवून लांब रांगा केल्या जातात आणि प्रत्येक टेबलाशी दोघे समोरासमोर बसतात. एकजण न आला, तर रांगेत भोक पडते. मूळ नियमानुसार एका बाजूला सर्व स्त्रिया व दुसऱ्या बाजूला सर्व पुरुष बसत. पुढे हा नियम सैल झाला. कापड पांढरेच हवे. प्लास्टिकच्या ताटल्या व पेले चालत नाहीत. वाइन व शॅम्पेन चालते, बिअर व कडक मद्य वर्ज्य. सर्व स्थानापन्न झाले, की हातरुमाल हवेत फिरवून भोजनारंभाची खूण करतात. अंधार पडल्यावर फुलबाज्या लावल्या जातात. मध्यरात्रीच्या सुमारास आवराआवर होते. पाऊस आला म्हणून बेत मोडत नाही. अन्न आपापले असल्याने ही एका अर्थी अंगतपंगतच. फक्त शेजारच्याच्या डब्यात हात घालण्याची मुभा येथे गृहीत धरलेली नाही.

पॅरिसबाहेर प्रसार मुख्यतः पास्किए यांचे पुत्र एमरिक यांनी केला. २००९ मध्ये माँट्रिऑल व २०११ मध्ये न्यूयॉर्क येथे भोजने झाली. २०१२ मध्ये या कामासाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि त्या दशकात ही प्रथा ७०हून अधिक शहरांत पोचली. या शहरांत परवाना घेतला जातो व शुल्क आकारले जाते. आधी येऊन गेलेले, त्यांनी सुचविलेले आणि मग प्रतीक्षायादीतील, अशा तीन टप्प्यांत प्रवेश मिळतो. गुप्तता येथेही पाळतात, पण नगरपालिकेला जागा आधीच ठाऊक असल्याने ती खेळापुरती उरते.

टीका मुख्यतः ओळख व शुल्क यांमुळे इतरांना वगळले जाण्यावर झाली. २०१२ मध्ये सिंगापूरच्या पहिल्या भोजनापूर्वी तेथील टाऊ हुए (सोयाबीनच्या दुधाचा मऊ गोड पदार्थ) यांसारखे स्थानिक खाणे या प्रसंगाला शोभणारे नाही, असे सुचविले गेल्याने मोठा वाद झाला. तूरिनमध्ये त्याच वर्षी सुरू झालेले ‘चेना इन ब्यांको’ हे श्वेतभोज मात्र शुल्काविना होते. त्याच वर्षी व्हँकूव्हरमध्ये श्वेतभोजाला उत्तर म्हणून ‘स स्वार न्वार’ हे काळ्या पोशाखातील, विनाशुल्क व कोणालाही खुले असलेले सार्वजनिक भोजन भरविण्यात आले.